काट्याला न दिसणारं सामान

पनवेल,
मंगळवार, ११ मे १९९३

ती. सौ. कुमुदताई व ती. भाऊजी यांच्या चरणी सुभाषचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच स्वीकारावा. कंबर का धरली ते पुढे येईलच.) आम्ही उभयता खुशाल आहोत. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? परसातल्या अळवाला अजून तूच बादल्या वाहतेस का? उत्तर सविस्तर लिही, पण ते लगेच माझ्या हाती पडेल असं धरून चालू नकोस, कारण तुझा भाऊ आता एका जागी सापडणारा माणूस राहिलेला नाही. मी ट्रकवर चाललो.

घाबरू नकोस, आधी पूर्ण वाच. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर बसून मी अकरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या मोजल्या. गाडीच्या स्प्रिंगचे पाटे किती बसलेत ते बघून आत माल किती, हे मी पावती फाडायच्या आधी सांगायचो. स्वतः मात्र खोपोलीच्या पुढे एकदाच गेलो, तुझ्या लग्नाला, आणि तेही एसटीत झोपून. चौतिसावं लागलं तेव्हा म्हटलं, सुभाष, आता नाही तर कधीच नाही. हेवीचं लायसन काढलं, राजीनामा दिला (दुसऱ्याच दिवशी प्रितेश नावाचे गृहस्थ घरची उशी घेऊन माझ्या खुर्चीत बसले) आणि काशिराम उस्तादांचे पाय धरले. तीस वर्षं घाट चढलेला माणूस. त्यांनी कोल्हापूरच्या शिकाऊ फेरीला न्यायचं कबूल केलं, पण अट एकच. सामान इतकं आणायचं की काट्याला कळता कामा नये. आमचा काटा दहा-दहा किलोंनी बोलतो, दहाच्या आतलं त्याला दिसतच नाही. ज्याला स्वतःचा बोजा आवरत नाही त्याच्या हाती मी लोखंडाची गाडी देत नाही, असं उस्तादांचं म्हणणं, आणि यापायी त्यांनी दोघांना काट्यावरूनच घरी धाडलंय. म्हणजे पिशवी जड निघाली असती तर ट्रकही गेला असता आणि खुर्ची तर गेलीच होती.

ही अट मी घरी सांगितली, इथेच चुकलो. दमयंतीनं मोऱ्याला, माहेरच्या कोळीवाड्यात, निरोप धाडून वडिलांना बोलावून घेतलं. आमचे सासरे कान्हा नाखवा, उभा जन्म होडीवर गेलेला. सामान बांधायचं म्हणजे खोल दर्यात जाणाऱ्या होडीचं, एवढंच त्यांना ठाऊक. "जावय, दर्या असो नायतर रस्ता, मानूस घराभायेर गेला का आठ दिसांचं पानी संगती पायजे," असं म्हणून त्यांनी गोड्या पाण्याचा कॅन ठेवला. मग सुक्या बोंबलांची जुडी, सुकटीची चटणी, दोरखंड आणि पोहताना कमरेला लावायची हवा भरलेली ट्यूब. मी म्हटलं, नाखवा, ट्रक जमिनीवरून जातो. तर म्हणाले, "वाटेत नद्या किती हायत, मोजल्यास काय?" (मोजल्या नव्हत्या. मुकाट्यानं ट्यूब घेतली.) त्यावर दमयंतीची भर म्हणजे बांबूंसकट मच्छरदाणी, स्टोव्ह, सहा शर्ट, दोन पँटी आणि भर मे महिन्यात स्वेटर, का तर घाटात गार लागतं. मी अकरा वर्षांच्या अनुभवी नजरेनं अंदाज केला की आठ किलो भरेल. रविवारी आम्ही तिघं काट्यावर गेलो, प्रितेशच्या हातापाया पडून गुपचूप सगळं ठेवलं, तर चाळीस!

मग उपसायला सुरुवात केली. कॅन आणि दोरखंड काढले तर नाखवा चहा न पिता बसले. ट्यूब काढली तेव्हा तर जावई आताच बुडाल्यासारखे माझ्याकडे बघू लागले. मच्छरदाणी काढली तर दमयंती म्हणाली, मरा मग डासांनी. (हे ती प्रेमानं म्हणते.) स्टोव्ह, बोंबील, सुकटही काढली. शेवटी पिशवीत राहिले कपडे, जेवणाचा डबा आणि तू आईच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. काटा म्हणे दहा. गोधडी काढली की शून्य, ठेवली की दहा. दोनदा काढली, दोनदा ठेवली. ताई, मला नाहीच जमलं. आई गेल्यापासून मी एक रात्र त्या गोधडीशिवाय झोपलेलो नाही. हे आजवर फक्त दमयंतीला माहीत होतं.

म्हणून काल सोमवारी, भर दुपारी, सहाही शर्ट, दोन्ही पँटी आणि वरून स्वेटर घालून, डबा पोटाशी बांधून मी उस्तादांपुढे उभा राहिलो. पिशवी काट्यावर ठेवली, आकडा शून्य. उस्तादांनी पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. नवी गाडी बघावी तशी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि पोटावर टिचकी मारली. डबा वाजला. मग मलाच काट्यावर उभं केलं. माझं वजन बासष्ट, काट्यानं सत्तर दाखवलं. बाजारातले झाडून सगळे हमाल जमले असताना मी तिथे एकेक शर्ट उतरवला. एवढ्यात उस्तादांनी पिशवी उघडली. आत नुसती गोधडी. ही कोणाची, म्हणाले. मी गोधडीपासून काढलेल्या बोंबलांपर्यंत सगळं खरं ते सांगितलं. त्यांनी मला केबिनमध्ये नेलं आणि सीटमागचा पडदा सारला. आत वरवंट्यासकट दगडी पाटा! हाताने वाटल्याशिवाय त्यांना चटणी गोड लागत नाही, आणि पाटा त्यांच्या आईचा. पुसायचा म्हणून तो मलाच खाली उतरवायला लावला (कंबर तेव्हाच धरली) आणि म्हणाले, रविवारी संध्याकाळी निघू. आणि ते बोंबील काढलेस ना, ते परत घाल.

ताई, मी फार आनंदात आहे. प्रितेशच्या उशीचासुद्धा आता राग येत नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
सुभाष

ता. क. वर एक गोष्ट गाळली. उस्ताद म्हणाले, कराडपर्यंत बघतो. जमत नसेल तर तुझ्या बहिणीच्या गावी उतरवीन, एसटीनं घरी जा. तेव्हा येत्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला तू नाक्यावर येऊन उभी राहा. दोन भाकऱ्या जास्त कर. मी पिशवी घेऊन उतरलो तर काही विचारू नकोस, नुसतं जेवायला वाढ. गाडी हॉर्न देत पुढे गेली तर त्या तुम्हीच खा.

ता. क. २. भाऊजींना हातगाडी आणायला सांग. बोंबलांच्या मागोमाग बाकी सगळं सामान केबिनमध्ये परत आलंय, ट्यूबसकट. उतरवलं तर मी एकटा उतरणार नाही.

ता. क. ३. गाडी पुढे गेली तर मी हात हलवला नाही म्हणून रुसू नकोस. दोन्ही हात स्टिअरिंगवर असतील. तुझी गोधडी खिडकीत टाकून ठेवीन. तिलाच हात कर.