आईला उतरवण्याची रंगीत तालीम

ती. ताईस,

कमरेतून वाकता येत नसल्याने मानेपुरता साष्टांग नमस्कार. तू आणि भावजी ठणठणीत असाल अशी आशा आहे. इथे मी सोडून सगळे ठणठणीत आहेत. (तुझी भावजय तर कधी नव्हे इतकी प्रसन्न आहे. कारण पुढे येईलच.)

आईला तुझ्या तिसऱ्या मजल्यावरून आमच्या तळमजल्यावर आणायचं ठरलं, तेव्हा मी फोनवर छाती काढून म्हणालो होतो की भावजींना त्रास नको, आईला खुर्चीत बसवून मी एकटा उतरवीन. ते बोलणं माझं नव्हतं गं, आठवीच्या विज्ञानाचं होतं. आमच्या पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत नेमकी त्याच सुमारास स्नायूंच्या धड्याची मुद्रितं माझ्या टेबलावर होती. बारीक तंतूंच्या जुड्या, त्या जुड्यांच्या मोठ्या जुड्या, आणि टोकाला त्यांना हाडाशी बांधणारी चिवट कंडरा! ह्रस्वदीर्घ तपासता तपासता मला वाटू लागलं की हा सगळा ऐवज आपल्याकडेही आहे. (आहे. पण लग्नात आलेल्या भेटवस्तूसारखा, न उघडलेला.)

तरी आईचा प्रश्न, म्हणून जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या जिन्यावर तालीम घ्यायचं ठरवलं. आईच्या जागी खुर्चीवर शब्दकोशाचे जाडजूड खंड रचले, पाठ धरून उचलली आणि निघालो. आता धड्यात असं आहे की स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून ते जोडीनं काम करतात. एक आखडला की दुसऱ्यानं सैल पडायचं. माझ्याकडे मधल्या वळणावर सगळेच एकदम आखडले. कुणीही सैल पडेना. (आपल्या घरातलेच शेवटी.) खुर्ची कशीबशी टेकली, खंड धडाधड खाली गेले, आणि मी खुर्चीची पाठ धरून काटकोनात उभा राहिलो. या स्नायूंना ऐच्छिक म्हणतात, म्हणजे ते आपल्या इच्छेनं चालतात. पण माझ्या इच्छेला घरात कुणी विचारत नाही, तिथे कमरेनं का विचारावं?

आवाज ऐकून साहेब धापा टाकत वर आले. रिकामी खुर्ची, तिच्यामागे वाकून उभा मी. ते सरळ बसलेच.

"बघा, याला म्हणतात अदब!" मागून आलेल्यांना ते म्हणाले. "इतकी वर्षं कुठे लपवली होतीत हो?"

"साहेब, उठा," मी खालून म्हणालो.

"राहू द्या हो, संकोच कसला!"

हसायलाही स्नायूच लागतात. त्या दुपारी आख्ख्या कचेरीच्या गालांना भरपूर व्यायाम झाला. मला घरी पोचवलं ते त्याच खुर्चीतून. उचलायला शिपाई आणि चित्रकार. दार उघडल्यावर तुझी भावजय आधी हसली, मग घाबरली. (हा क्रम मी विसरणार नाही.)

व्यायामोपचारवाल्या बाईंनी पाठ चाचपून विचारलं, "व्यायाम काय करता?"

"मुद्रितं तपासतो."

"त्यात कुठला स्नायू वापरता?"

"कपाळाचा. आठ्या घालायला."

त्यांनी वजन उचलायला सक्त मनाई केली आहे. तेव्हा रविवारी मी येईन, पण हात लावणार नाही. भावजींना आणि शेजाऱ्यांना सांगून ठेव. आईला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. मुलगा उचलून नेणार म्हणून ती खुशीत असेल.

तुझा,
धाकटा (आणि सध्या आडवा)

ता. क. पाकीट चिकटवणार तोच आईचा फोन आला. तुझ्या भावजयीनं तिला सगळं सांगितलंय. आई म्हणाली, "खुर्चीबिर्ची काही नको. तुझी ताई नि भावजी कामाला गेले की मी रोज कठडा धरून एक एक मजला उतरते नि चढते. हल्ली पार खालपर्यंत जाते. तू मला पाडशील ही भीती होती रे, म्हणून तयारी केली." हे तुला सांगू नको म्हणालीय. सांगितलं नाही असं समज.

पुन्हा ता. क. एवढंच कर. रविवारी जिना उतरताना आईचा हात माझ्या हातात दे. खालून बघणाऱ्यांना वाटलं पाहिजे की मी तिला धरलंय. मला कसं धरायचं, ते तिला माहीत आहे.