नावाआधीचं अक्षर

बागबाजार, कलकत्ता
५ जुलै १९७०

ती. भाऊजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि आतली कात्रणं पोचली. कधी पोस्टाचा संप, कधी ट्रामचा, गल्लीच्या तोंडाशी अधूनमधून फुटणारे बाँब, या सगळ्यांतून तुमची कात्रणं मात्र सुखरूप येतात. ह्यांना विमानात बसवण्याऐवजी तुमच्या पाकिटात घालून पाठवलं असतं तर पोचले असते, असं कधीकधी वाटतं. रागावू नका. हे दौऱ्यावर जायला दमदमहून आसामच्या विमानात बसले त्याला वर्ष होत आलं. विमान ढगात शिरलं, ते कुठून बाहेर पडलं ते कुणाला ठाऊक नाही. एवढ्या काळानंतर मला थोडं वेडंवाकडं बोलायची मुभा असावी.

या शहराचा विमान पडण्यावर विश्वासच नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका विमानाचा निकाल इथल्या लोकांनी अजून लागू दिलेला नाही. त्यात कोण होतं ते मी लिहायला नको. तेव्हा आमच्या विमानाला कोण पडू देतो? समोरच्या घराच्या ओट्यावर शेजारच्या श्यामसुंदरबाबूंची बैठक रोज भरते. तिथे एकाचं म्हणणं, वैमानिक फितूर होता आणि त्याने ते चीनला नेलं. दुसरा म्हणतो, आत सोन्याच्या पेट्या होत्या. बराकपूरच्या एका कंपाउंडरने ते संध्याकाळी गंगेवरून दिवे मालवून जाताना स्वतः पाहिलं. सकाळी सुटलेलं विमान संध्याकाळपर्यंत काय करत होतं, हे विचारणं तिथे असभ्यपणाचं समजतात. सियालदहच्या ज्योतिष्याने तर छातीवर हात ठेवून सांगितलं की ईशान्येला आहेत आणि भात खाताहेत. मी खिडकीत दिसले की बैठक एकदम गप्प होते, आणि मग कुणीतरी खालूनच सांगतो, बौदी, काळजी करू नका, दादा येणार.

सगळ्यांचं मत आहे तर माझंही एक लिहून ठेवते. चीनकडच्या कुठल्याशा मुलखात विहिरींना पाणी लागत नसणार. म्हणून त्यांना भूजल खात्याचा माणूस हवा होता. बाकीचे उतारू आपले सोबतीला.

आता मुख्य गोष्ट. हेमाचं लग्न ठरलं. मुलगा प्रमोद, बराकपूरच्या कॉलेजात शिकवतो. घराणं आपलंच, पण तीन पिढ्या इकडचं. त्याचं आणि हेमाचं मराठी सारख्याच तोलाचं आहे. हेमा काल मला विचारत होती, मिरजेचा आजी कसा आहे. या दोघांच्या संसारात भांडण मराठीत होणार नाही हे नक्की. मुहूर्त मार्गशीर्षातला धरला आहे.

प्रमोदच्या आईंनी, सरलाबाईंनी, चहाचा कप खाली ठेवून, माझ्याकडे न बघता विचारलं, की पत्रिकेत मुलीच्या वडिलांच्या नावाआधी काय घालायचं. श्री. छापलं तर लोक मांडवात ह्यांना शोधतील. कै. छापलं तर तुम्ही मला शोधत याल. तरी मला कै. छापायचं आहे. त्याला तुमची आणि आईंची संमती हवी.

आईंना माझा नमस्कार. शकुनवहिनींना सांगा, मेतकूट संपलं. लोभ आहेच, त्याला कात्रणं टाचायची गरज नाही.

आपली,
प्रेमलता


मिरज
१७ जुलै १९७०

सौ. प्रेमलता हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. हेमाच्या लग्नाचं वाचून शकुनच्या डोळ्यांना पाणी आलं. मुलगा चांगला दिसतो. मेतकूट येत्या आठवड्यात रवाना होईल.

तू थट्टेने लिहिलंस की काय ते मला कळलं नाही, पण विहिरींचा मुद्दा फार पटला. आजवर या अंगाने कुणी विचारच केला नव्हता. तीस वर्षं मी भूगोल शिकवला आणि माझ्या लक्षात येऊ नये! शाळेतून आशियाचा मोठा नकाशा आणला आहे. दोरा लावून पाहिला. माझ्या अंदाजाने इंधन पुरतं. पलीकडच्या पठारावर पर्जन्यमान अत्यल्प. अशा ठिकाणी चि. शशीसारखा माणूस मिळाला तर ते सोडतील कशाला? इथल्या साप्ताहिकाच्या संपादकांना मी हे सविस्तर सांगितलं. तेही विचारात पडले.

आता पत्रिकेचं. ते अक्षर तुझ्या हातून उमटलं कसं, याचंच मला नवल वाटतं. सरकारी चौकशीतसुद्धा 'बहुधा' असा शब्द आहे. 'बहुधा' म्हणजे खात्री नव्हे. श्री. छापावं हे उत्तम. ते जमत नसेल तर लग्न पुढे ढकलावं. उद्या शशी परत आला आणि त्याच्यावाचून लेकीचं लग्न झालेलं पाहिलं, तर मी त्याला काय तोंड दाखवू?

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला आता मुळीच दिसत नाही. रोज दिवेलागणीला ती विचारते, आज काय आलं. मी कात्रण वाचून दाखवतो, मग ती जेवते. एवढ्यावर ती जगते आहे. तुझं ते अक्षर तिच्या कानावर गेलं तर पुढे जे होईल त्याची जबाबदारी कुणावर, ते तूच ठरव.

तब्येतीला जप. कुंकू-मंगळसूत्राबद्दल कुणी काही सुचवलं तर माझं नाव सांगून गप्प कर. हेमास आशीर्वाद.

तुझा,
श्यामकांत

ता. क. : कोल्हापूरच्या एका निवृत्त सुभेदारांचं मत असं की विमान उतरवायला सरळ नदीपात्रही चालतं. नकाशावर अशा दोन नद्या सापडल्या आहेत.


बागबाजार, कलकत्ता
३० ऑगस्ट १९७०

ती. भाऊजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

काल इथल्या महाराष्ट्र मंडळातले दिगंबरराव मुद्दाम भेटायला आले. त्यांच्या हातात तुमच्या मिरजेचं साप्ताहिक होतं. फार आतल्या गोटातली बातमी आहे, धीर धरा, असं सांगून त्यांनी मला वाचून दाखवलं की चिन्यांना विहिरी खणायला जाणकार हवा होता. जाताना त्यांनी ते श्यामसुंदरबाबूंनाही समजावून सांगितलं. संध्याकाळी श्यामसुंदरबाबू जिना चढून वर आले. एरवी ते खालूनच बोलतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, आम्ही म्हणत होतो ते तुम्ही हसण्यावारी नेत होता, आता तुमच्या महाराष्ट्रातूनही तेच आलं, बौदी.

माझीच थट्टा मिरजेपर्यंत जाऊन, छापून, माझ्या दारी माझं सांत्वन करायला आली. मी त्यांना चहा दिला. काय करणार?

भाऊजी, मी दमले. एखाद्याने येऊन 'फार वाईट झालं' एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं, असा माणूस मला या वर्षात भेटला नाही. सगळे 'येतील' म्हणून सांगायला येतात. हळदीकुंकवाला बोलावतात, आणि मला कुंकू लावताना प्रत्येकीचं बोट कपाळाशी येऊन जरासं अडखळतं. तेवढ्या अडखळण्यात जे असतं ते मी घरी घेऊन येते. रडायला लागले तर अपशकुन होतो. हसले तर निगरगट्ट. म्हणून मी टोमणे मारते. त्याला अजून कुणी बंदी घातलेली नाही.

मला काहीही कळलेलं नाही. कळणारही नाही. पण एक गोष्ट तुम्हीही जाणता. हे ऑफिसातून जरा उशिरा येणार असले तरी शेजारी फोन करून निरोप ठेवायचे. धनबादला गाडी थांबून राहिली तर स्टेशनातून तार केली होती. तो माणूस जिवंत असून वर्षभर गप्प बसेल? चिन्यांच्या विहिरीतून वर येऊन त्याने आधी तारघर शोधलं असतं.

या बागबाजारापासून पूर्वी एक खंदक सुरू व्हायचा. मराठे येणार म्हणून इथल्या लोकांनी तो घाईघाईने खणायला घेतला. मराठे आलेच नाहीत, आणि खंदक अर्धाच राहिला. मी त्याच्या काठावर राहते आणि रोज तुमचा नकाशा डोळ्यांपुढे आणते. किती खणायचं, भाऊजी?

हेमाला तुमचं पत्र दाखवलं. तिने एवढंच विचारायला सांगितलं आहे की बाबा येईपर्यंत थांबायचं, तर काकांनी तारीख सांगावी. ती रडत नव्हती. तिलाही माझीच सवय लागली.

पत्रिकेचा मजकूर सोबत आहे. नावाआधीची जागा कोरी ठेवली आहे. आईंना विचारा. खरंच विचारा, त्यांच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका. त्या नको म्हणाल्या तर मी मुकाट्याने श्री. छापीन आणि मांडवात विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की हे पाणी शोधायला गेलेत.

मेतकूट पोचलं. वहिनींच्या हाताला माझा नमस्कार. राग आला असेल तर येऊ द्या, माया मात्र उणी करू नका.

आपली,
प्रेमलता


मिरज
भाद्रपद वद्य नवमी

चि. प्रेमलता हिस,
आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं येईल, सांभाळून घे. श्याम दुपारचा झोपला आहे. शकुन जवळ शेंगा सोलते आहे. तिला ठाऊक आहे, ती बोलणार नाही.

मला दिसत नाही असं श्यामला वाटतं. सुईत दोरा ओवता येत नाही हे खरं, पण तुझं अक्षर मोठं आहे. तो झोपला की तुझी पत्रं मी वाचते. विहिरींची थट्टा मला पहिल्या वाचनातच कळली, हसूही आलं. श्यामला थट्टा लहानपणापासून कळत नाही.

शशी गेला हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. तारेचं तू आता लिहिलंस, मी तेव्हाच दाराकडे बघत बसले होते. कॉलेजात होता तेव्हा सांगलीहून गाडी चुकली तरी तार करायचा. तार यायची तो घरी येऊन जेवल्यावर. या वेळी तार नाही, तोही नाही. मग मी दाराकडे बघणं सोडलं.

मग गप्प का बसलात, असं म्हणशील. अगं, वडील गेल्यावर शशीला शाळेत श्यामनेच घातलं. कृष्णेत पोहायला यानेच शिकवलं. आता रोज संध्याकाळी नकाशा पसरून बसतो. दोरा एकदा इकडून लावतो, एकदा तिकडून. तो नकाशा मिटला की हा काय करील, याची मला भीती वाटते. म्हणून मी विचारते, आज काय आलं. तो वाचतो, मी ऐकते, मग आम्ही जेवतो. तो समजतो तो मला जपतो, आणि मी त्याला. या आमच्या जपण्यात तुझं वर्ष गेलं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कुंकू लावणारीच्या बोटाचं वाचलं, तेव्हा आलं. मला क्षमा कर असं सुनेला लिहायची आमच्यात रीत नाही. पण लिहिलं.

कै. छाप. कुंकू लावायचं की नाही ते तुझं तू ठरव. माझ्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. तुला विचारायला माझ्याकडून कुणी येणार नाही. हेमाचं लग्न ठरल्या दिवशी होऊ दे.

पत्रिका श्यामच्या नावाने पाठव. मी त्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगेन. मला दिसत नाही ना.

वर तुझ्या नावाआधी काय लिहावं हे मला दोन दिवस सुचेना. सौ. लिहवेना. त्याच्या जागचं जे दुसरं आहे, ते मला जन्मभर लावत आले, ते तुला लावायची माझी इच्छा नाही. शशीच्या नावाचं चि. आता मोकळं झालं. वाया कशाला घालवायचं? तुला दिलं. वापर.

श्याम कूस बदलतो आहे. पुरे करते.

तुझी,
आई


मिरज
२२ ऑक्टोबर १९७०

चि. प्रेमलता हिस,
अ. उ. आ.

आईने सांगितलं तसं वर लिहिलं आहे. कारण विचारलं नाही.

पत्रिका काल आली. दिवेलागणीला आईने नेहमीप्रमाणे विचारलं, आज काय आलं. पत्रिका आली म्हटलं. वाच म्हणाली. कुलदैवतापासून सुरुवात केली. शशीच्या नावाशी आलो, तेव्हा आधीचं अक्षर गाळून सरळ पुढे गेलो. आई म्हणाली, एक शब्द राहिला. तिला दिसत नाही, पत्रिका माझ्या हातात होती, तरी म्हणाली. पुन्हा वाचलं. तरी राहिला म्हणाली. मग मोठ्याने वाचलं, पूर्ण. कैलासवासी शशिकांत विनायक खांबेटे यांची कन्या.

रात्रीचं जेवण राहिलं. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. शशीला ताप यायचा तेव्हा त्याच्या पाठीवर ठेवायची, तसा.

नकाशा आज शाळेत परत केला.

कन्यादानाला मी आणि शकुन बसू. आई येते म्हणून हट्ट धरून बसली आहे. आगगाडीची तिकिटं काढतो आहे. गाडीला उशीर झाला तर वाटेतून तार करीन. हेमाला सांग, आजी 'कसा' नाही, 'कशी'. आणि बरी आहे.

पत्रिकेबरोबरचं तुझं पत्र दोनच ओळींचं होतं आणि त्यात एकही टोमणा नव्हता, त्यामुळे काळजी वाटली. पुढच्या पत्रात एखादा असावा.

फार वाईट झालं, प्रेमलता.

तुझा,
श्यामकांत

ता. क. : सवयीने लिहिलं. काही नाही.