आमच्या थॉमसनमधून गॅसची लाइन

३ ऑगस्ट
तलाठी ऑफिसचा माणूस नोटीस देऊन गेला. गॅसची पाइपलाइन आमच्या गटातून जाणार. पिंपळगावच्या या मळ्याला शेवटी कोणीतरी ओळखलं! हरकत असेल तर एकवीस दिवसांत लेखी कळवा, असं खाली छापलंय. सुवर्णा म्हणते, उद्याच अर्ज देऊन टाका. द्राक्षाच्या बागेतून नको, बांधाच्या कडेने न्या म्हणावं. बायकोला निगोशिएशन कळत नाही. सातपूरला नोकरीत असताना मी युनियनच्या वाटाघाटींना हजर असायचो. मागच्या रांगेत, पण हजर. नियम एकच : जो आधी तोंड उघडतो तो पडतो.
संकल्प : गप्प राहणे.

९ ऑगस्ट
सर्व्हेवाले आले. थॉमसन द्राक्षांच्या बरोबर मधून चुन्याच्या खुणा, लाल झेंड्या. मी चहा पाजला, एक शब्द बोललो नाही. तेही बोलले नाहीत. कसलेली माणसं दिसतात.

१४ ऑगस्ट, सकाळी
शेजारच्या मळ्यातला सावळीराम आला होता. लाइन त्याच्या विहिरीला खेटून जातेय, म्हणून हरकत घेतोय. दोघांनी मिळून दिली तर लय वजन पडंल, म्हणाला. मी समजावलं की घाई केली की समोरच्याला आपली गरज कळते. तो मान हलवून मोटरसायकलवर एकटाच नाशिकला गेला. वाईट वाटलं बिचाऱ्याचं.

२३ ऑगस्ट
सुवर्णाने अर्ज लिहून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला. सातबारा माझ्या नावावर, म्हणून सही माझी लागते. उद्या शेवटचा दिवस आहे, म्हणाली. मी म्हटलं, प्रेशर शेवटच्या दिवशीच वाढतं. त्यांचा माणूस उद्या दारात उभा राहतो की नाही बघ. जमिनीचा भाव मिळाला की त्या पैशातून त्याच पट्ट्यात बंगला बांधायचा आहे, हे तिला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

२५ ऑगस्ट
मुदत संपली. दारात कोणी उभं राहिलं नाही. घाबरले असणार.

१७ सप्टेंबर
सावळीरामची सुनावणी झाली. हरकती ऐकणाऱ्या अधिकारी मॅडमनी नकाशा पाहिला, त्याचं ऐकून घेतलं आणि लाइन विहिरीपासून बांधाकडे सरकवली. पेढे घेऊन आला होता. छोट्या शेतकऱ्यांना आधी निपटवतात, मोठ्यांशी नंतर बोलतात. पेढा अर्धाच खाल्ला. खवा जुना असावा.

१० ऑक्टोबर
छाटणी सुरू. मधल्या ओळी छाटायच्या का, असं सुवर्णाने मजुरांसमोर विचारलं. मी मोठ्याने सांगितलं, सगळी बाग छाटा. मग तिने त्या ओळींच्या काड्यांना स्वतःच्या हाताने डोळे फुटायची पेस्ट लावली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

२ डिसेंबर
घरी ट्रॅक्टरचा पार्ट आणतो सांगून नाशिकला हरकतींच्या ऑफिसात गेलो. मॅडम तरुण आहेत, नीट बोलतात, खुर्ची दिली. मी म्हटलं, माझी संमती नाही. त्या म्हणाल्या, काका, या कायद्यात संमती लागत नाही. हरकत ऐकून घ्यावी लागते, त्यासाठीच मुदत होती. आता जाहीरनामा निघालाय, वापराचा हक्क कंपनीकडे गेला.
मी भाव विचारला. त्या म्हणाल्या, जमीन आम्ही घेतच नाही, ती तुमचीच राहते. भरपाई मिळेल ती पिकाची, झाडांची आणि जमिनीच्या किमतीच्या थोड्या हिश्शाची. लाइनवर झाड नाही, विहीर नाही, बांधकाम नाही. कांदे लावता येतील.
निघताना म्हणाल्या, "शेजाऱ्यांचं ऐकलं तसं तुमचंही ऐकलं असतं. पण तुमची हरकतच नव्हती."
खाली येऊन मिसळ मागवली. संपली नाही.
संकल्प : घरी योग्य वेळी सांगणे.

१२ डिसेंबर, दुपारी
योग्य वेळ नाही. बायका घड विरळायला लागल्यात, सुवर्णा त्यांच्यात आहे. वकिलांना फोन केला. भरपाई कमी वाटली तर कोर्टात जाता येईल म्हणाले, लाइन हलवायची वेळ गेली. सुवर्णाने विचारलं काय झालं. कायदेशीर मार्ग खुले आहेत, म्हटलं. खोटं नाही.

६ जानेवारी
रोज ठरवतो. रोज कोणीतरी समोर असतं. आज कोणी नव्हतं, तरी नाही सांगितलं. देवा, एखाद्या अधिकाऱ्याची बदली होऊ दे, कंपनी बुडू दे, काहीतरी कर.

१९ जानेवारी
कंपनीच्या माणसाचा फोन : परवा मशीन येतंय. मण्यांत नुकतं पाणी उतरलंय, गोडी अजून यायची आहे. महिना मिळाला असता तर माल गाडीत गेला असता. महिना मागितला. तो म्हणाला, वेळापत्रक वरून येतं.
सांगितलं. सगळं, बंगल्यासकट. सुवर्णा उभीच राहिली.
"बारा वर्षांची झाडं आहेत ती. कलमं मी बांधली होती," म्हणाली.
मग सावळीरामकडे गेली. मी खिचडी टाकली. खाली लागली.

२१ जानेवारी
संकल्प : जेसीबीसमोर आडवं होणे. सकाळी सतरंजी घेऊन निघालो. बागेत सुवर्णा माझ्या आधी उभी. सावळीरामने सांगितलं होतं तसं, ती प्रत्येक झाड, मांडवाची तार आणि लोखंडी अँगल पंचनाम्यात लिहिल्याशिवाय मशीन सुरू करू देईना. कंपनीचा माणूस तिच्या मागे ओळीओळीने फिरत लिहीत होता. जेसीबी थांबून होता. माझी गरजच नव्हती. सतरंजी मजूर बायांनी चहाला बसायला घेतली.
लिहून झाल्यावर तो माणूस माझ्याकडे आला. "ललितराव, मालक म्हणून इथे सही करा."
सुवर्णाने कागद आधी स्वतः वाचला, मग मला दिला. मी सही केली.
पहिलं झाड घडांसकट उपटलं गेलं तेव्हा तिने तोंड फिरवलं नाही. मी फिरवलं, आणि कागदाकडे पाहत राहिलो. सही ठसठशीत आली होती.