तार टोचली की मेण

४ मार्च
लागल्या ब्रेसेस एकदाच्या. वर दहा दातांवर ब्रॅकेट चिकटवले, खाली आठ. दीड तास आ वासून पडले होते. आमचे डॉक्टर सर म्हणाले, "सव्वीस वर्षं दुसऱ्यांसाठी तारा वाकवल्यात, आता तुमची पाळी." खालचे दात वर टाळूत रुततात, म्हणून हा उद्योग. नाही केला तर दोन-तीन वर्षांत वरचे पुढचे हलायला लागतील म्हणाले. वय एक्कावन्न. दवाखाना पुढे, लॅब मागे. पेशंट म्हणून पुढच्या दारानं गेले, कामाला मागच्या दारानं परतले. संध्याकाळपर्यंत जबड्यांचे सात साचे ओतले.

घरी आल्या आल्या हे म्हणाले, "म्हातारी घोडी, लाल लगाम!" म्हटलं, लाल नाही, चंदेरी आहे, चष्मा लावा. हसायला गेले तर ओठ तारेत अडकला.

५ मार्च
दुखतंय. दुधात बुडवलेला पावसुद्धा चावत नाही.

६ मार्च
अजून दुखतंय. इतकी वर्षं लॅबच्या खिडकीतून पोरांना सांगत आले — "दोनच दिवस दुखतं रे, काही होत नाही." मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. मीच ठरवलं होतं.

लेकीलाही तेच सांगितलं. तारा बसवल्या तेव्हा चौदाची होती. तिसऱ्या दिवशी रडत बसली तर म्हटलं, पुरे झाली नाटकं.

८ मार्च
लेकीबद्दल इथं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिते.

पावणेतीन वर्षं झाली. तो तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, आधीचं एक लग्न मोडलेला. मी म्हटलं, "त्याच्याशी लग्न केलंस तर मला मुलगी नाही असं समजेन." रागानं नाही म्हटलं. शांतपणे, ताटं पुसता पुसता. तेच जास्त लागलं असणार. तिनं लग्न केलं, दुसऱ्या गावी गेली. वाढदिवसाला मी मेसेज टाकते. ती वाचते, निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. यांनी तर रागाच्या भरात तिचा नंबरच पुसला आणि आठवड्यानं माझ्याकडून परत लिहून घेतला! लावत मात्र नाहीत. "तिनं आधी लावावा." आणि तिकडे तीही तसलीच. एका माळेचे मणी.

मला ती परत हवी आहे. बस, एवढंच.

९ मार्च
मागच्या दाढेची तार गालात रुतली. लॅबमध्ये टोचऱ्या तारेवर लावायच्या मेणाचा अख्खा डबा आहे. तरी तिला मेसेज टाकला — "तार टोचली की तू काय करायचीस?" कुठून बुद्धी सुचली कोण जाणे.

सव्वातीनला उत्तर आलं. एक शब्द. "मेण."

पावणेतीन वर्षांनी — मेण! हातातला साचा पडला आणि कोणा शाळकरी मुलीच्या वरच्या जबड्याचे तीन तुकडे झाले. त्या मुलीला मापासाठी पुन्हा बोलवावं लागणार. सर ओरडले. ओरडू देत.

१४ मार्च
विचारलं, मेण लावायचं कसं. "आधी तार कोरडी कर. मटाराएवढा गोळा घे. चोळू नकोस, दाब." हे माझेच शब्द. मीच तिला न्हाणीघराच्या आरशासमोर उभं करून शिकवलेलं.

हे म्हणाले, "काय म्हणाली?"
"मेण दाबायचं म्हणाली."
"बरी आहे ना?"
"ते नाही म्हणाली."
जेवण अर्धं झाल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी ब्रशचं विचार."

२ एप्रिल
आता दर गुरुवारी एक प्रश्न. जास्त नाही, अति तिथं माती. ब्रशचं विचारून झालं, दातांमधल्या बारीक ब्रशचं झालं, गुळण्यांचं झालं. दिवसातून चार वेळा घासते, एकेका वेळेला अकरा मिनिटं. यांनी घड्याळ लावून मोजलं — बाहेर उभे होते, घाई होती. एवढं करूनही पालकाचं पान कुठंतरी उरतंच आणि काउंटरवरची पोरगी सगळ्यांसमोर सांगते.

११ मे
प्रश्न संपले. दात अगदी शहाण्यासारखे वागताहेत. काही सैल नाही, काही टोचत नाही. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. येताना मक्याचं कणीस घेऊन आले.

१२ मे
खाडकन आवाज आला. वरचा डावा सुळा, ब्रॅकेट निघाला.

सर बघतच राहिले. "तुम्ही? अहो, भिंतीवरची यादी तुमच्या अक्षरात आहे!" खरं आहे. तिसरी ओळ : कणीस दातांनी खाऊ नये.

लेकीला कळवलं. तिचं उत्तर — "काय खाल्लंस?"
तिनं मला प्रश्न विचारला!
"कणीस."
"तू??"
दोन प्रश्नचिन्हं. दुपारभर प्लास्टर घोटता घोटता तीच बघत होते.

१७ जुलै
दुसरा ब्रॅकेट. या वेळी बर्फ. सरांनी खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला. "हे असं तीन महिने मागे जातंय. दातांच्या मुळांवर ताण येतो. पुन्हा निघाला तर मी सगळं काढून टाकेन, आणि मग पुढचे हलले तर मला सांगायला येऊ नका." असं हळू आवाजात ते मला बोलत नाहीत सहसा. शरम वाटली. ब्रॅकेट तोडणं बंद. गुरुवार चालू.

२१ ऑगस्ट
गुरुवार नसताना तिचाच मेसेज. "ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं हल्ली. काय करू?"

मी भलं मोठं उत्तर लिहिलं. मऊ ब्रश घे, गोल फिरव, मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर, आळस करू नकोस. "आळस" खोडलं. बाकीचं पाठवलं. "बरं" आलं.

हे म्हणाले, "अगं, कशी आहेस एवढं विचारलं असतंस तर जीभ झिजली असती का?" तुम्ही विचारा मग, म्हटलं. वर्तमानपत्र उघडून बसले. त्यांना काय सांगू — दातांपलीकडचं काही विचारलं आणि ती पुन्हा मिटली तर? भीती वाटते मला. म्हणून हिरड्यांवरच थांबले.

४ डिसेंबर
वरखाली अडकवायचे रबर सुरू. तोंड उघडलं की ताणतात, जांभई दिली की एखादा सुटून उडतो. काल यांच्या चष्म्यावर बसला. तिला लिहिलं, हसेल म्हणून. वाचलं नाही.

११ डिसेंबर
वाचलं नाही.

१८ डिसेंबर
वाचलं. उत्तर नाही.

१ जानेवारी
नाही.

१६ जानेवारी
माझं काय चुकलं, शोधत बसले. सगळे मेसेज पहिल्यापासून वाचले. दात, दात, दात. तिच्या जागी मी असते तर मार्चमध्येच कंटाळले असते. यांनी आज फोन हातात घेतला, तिचा नंबर काढला, पुन्हा खिशात ठेवला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

३ फेब्रुवारी
"कामात होते. रबर रोज बदलतेस ना?"

बदलते गं बाई, बदलते! न्हाणीघरात जाऊन रडले. नळ सोडून. बाहेर आले तर हे म्हणाले, "आज अकराच्या वर गेली मिनिटं."

२२ मे
हल्ली तिची उत्तरं वेळी-अवेळी येतात. पहाटे चारला, भर दुपारी. तुटक. मध्येच थांबतात. कामाची पाळी बदलली असेल. विचारलं नाही.

२८ जुलै
सर म्हणाले, नऊ तारखेला काढू. अठरा दात ओळीत उभे राहिलेत, टाळूवरचे व्रणही भरले. काउंटरवरच्या पोरीनं टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, अजून दोन महिने राहू दिल्या तर? सर म्हणाले, "लोक काढा म्हणून पाया पडतात, तुम्ही ठेवा म्हणता!"

त्यांना काय सांगायचं. तोंडात तार आहे तोवर तिला लिहायला कारण आहे.

९ ऑगस्ट
निघाल्या. जीभ सारखी दातांवरून घसरते. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायचा माझा रिटेनर मीच केला — स्वतःचाच साचा ओतला, तार वाकवली, दोनदा बिघडली. दुसऱ्यांच्या वेळी कधी बिघडत नाही.

यांनी चष्मा लावून बघितलं. "छान दिसतेस." मग, "आता काय विचारशील तिला?"

तिला एवढंच लिहिलं — "आज तारा निघाल्या." निळ्या खुणा आल्या. पुढं काही नाही.

१० ऑगस्ट
सकाळी तिचा मेसेज. "आई, तुला यातलं सगळं माहीत असतं, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. आता तारा नाहीत. जे विचारायचंय ते विचार."

लिहिलं — "माझं चुकलं. येशील का?"

"रविवारी येतो. तिघं. तिला खालचे दोन दात आलेत."