हिरवा सदरा धुण्याआधी

प्रिय ललिताताई,

उद्या सकाळी पाडसाचं कुंपण उघडायचं ठरलं आहे, आणि तुझ्या हिरव्या सदऱ्याचं काय करायचं हे तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

तू गेलीस आणि जंगलातल्या जखमी-पोरक्या जिवांना सांभाळणारी आपली एवढीशी संस्था माझ्यावर अन् पुरुषोत्तमभाऊंवर येऊन पडली. विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला, तुला श्रद्धांजली वाहायला, पार गिरडपासून माणसं आली होती. जो तो तुझ्या शिस्तीचं कौतुक करत होता. मला मेलीला हसू येत होतं!

शिस्त म्हणे! पिल्लाला दूध पाजताना प्रत्येकानं ती एकच घोंगडी पांघरायची, म्हणजे त्याला कुणा माणसाचा लळा लागणार नाही, हा नियम तुझाच ना? आम्ही भर उकाड्यात ती टोचरी घोंगडी घेऊन बसायचो. आणि तू? "मले खाजवते बापा," म्हणत नुसत्या सदऱ्यावर बाटली धरायचीस. काऊन वं ताई? चितळाचं एवढंसं पाडस, आई नसलेलं. त्यानं तुझा वास धरला तो धरलाच.

तू गेल्यावर ते बाटलीला तोंड लावेना. घोंगडी दिसली की कोपऱ्यात. पोट पार खपाटीला गेलं. शेवटी मी खुंटीवरचा तुझा सदरा अंगात घातला, तर आलं की धावत! ढुशा देत दूध प्यायलं, आणि मी त्याच्या मानेत तोंड खुपसून रडले.

आता ते पाला खातं, दूध नावालाच. तरी सदरा मी रोज घालते. खोटं कशाला बोलू, त्याच्यासाठीच नाही. सदऱ्याला अजून तुझा वास येतो, चुलीच्या धुराचा, खोबरेलाचा. पहाटे मोहाची फुलं टपटपत असतात, कुंपणापलीकडे कळप अर्धा उजेडात, अर्धा सावलीत उभा असतो, आणि वाटतं मी इथे नाहीच, तूच बसली आहेस. परवा तिथेच डोळा लागला. चितळं तुझ्याभोवती रवंथ करत बसलेली, आणि तू त्यांना बाजारातल्या गमती सांगत होतीस. उठूच नये असं वाटलं गं!

काल भाऊ म्हणाले, "सुनंदा, सोड आता तो सदरा. त्याले वाटून राह्यलं, ताई अठीच हाये. कायले जाईन ते कळपात?"

"तुमाले बोलाले काय जाते!" मी केवढ्यानं ओरडले त्यांच्यावर. पण खरं आहे त्यांचं. कळप कुंपणाला नाक लावतो, आणि हे माझ्या बाहीला. उद्या गेलं नाही तर जन्मभर कुंपणातच राहील, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातची बिस्किटं खात. तुला चाललं असतं?

नसतं. माहीत आहे मला.

म्हणून पत्र संपलं की सदरा भिजत घालते. साबण लावून चांगला चोळते, वास जाईपर्यंत. मग तुझं असं माझ्याजवळ काहीच उरणार नाही, ताई. जीव तुटतो माझा.

उद्या ते फाटकाशी थांबेल, मागे वळून तुला शोधेल. वचन देते, तेव्हा मी सागाच्या आड उभी राहीन आणि त्याला हाक मारणार नाही.

तुझीच,
सुनंदा