रजेचा तक्ता कोणी उघडून ठेवलाय

वहिनीस, धाकट्या दिराचा इतक्या लांबून वाकून नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? बाळ चालायला लागलं, की अजून भिंत धरूनच फिरतंय? दादाला नमस्कार सांगू नका. दोन वर्षं तो माझ्याशी बोलत नाही, आणि त्याच्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानात मोटरची तार अर्धी गुंडाळून ती तशीच टेबलावर टाकून पळालो तो मीच, तेव्हा त्याचंही बरोबर आहे.

मी मजेत. गोदामात खोकी उचलायचो, आता कॉम्प्युटरपुढे बसवलंय (सातवीपर्यंत गेलेला दुसरा कोणी रिकामा नव्हता). खुर्ची हेडक्लार्कची, ते आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. पहिलंच काम, हा कॉम्प्युटर ऑफिसच्या सामाईक फोल्डरला जोडायचा. म्हणजे सगळ्यांचे कागद एका मोठ्या कॉम्प्युटरात, आणि ज्याने त्याने आपल्या जागेवरून उघडायचे. त्याचा पत्ता दोन तिरक्या रेघांनी सुरू होतो. कॉम्प्युटरवाला दुसऱ्या इमारतीतून फोनवर विचारतो, "रेघा कुठे झुकल्यात?" म्हटलं, "उजवीकडे." म्हणाला, "डावीकडे पाहिजेत." मी मान वाकडी करून पाहिली, तरी त्या उजवीकडेच. डाव्या रेघेचं बटण वेगळं असतं हे कळेपर्यंत दुपार झाली. मग पासवर्ड (लिहिताना नुसते ठिपके दिसतात, चुकलं कुठे ते देवाला ठाऊक). संध्याकाळी एकदाचं जोडलं गेलं, आणि मी ठरवलं की आता काहीच बंद करायचं नाही. पुन्हा जुळलं नाही तर काय घ्या?

त्या फोल्डरात रजेचा तक्ता आहे. ज्याला जायचं त्याने तारखांपुढे नाव लिहायचं. मी आपलं सहज बारा दिवसांपुढे माझं नाव लिहिलं. मग दादाची पाठमोरी मान आठवली, खोडलं. मग तुमच्या हातच्या चहाची कपबशी आठवली, पुन्हा लिहिलं. असं तीन दिवस चाललं. आता एकाने तक्ता उघडा ठेवला की बाकीच्यांना त्यात लिहिता येत नाही, हे मला कोण सांगणार? त्यांच्या पडद्यावर येई, तक्ता हेडक्लार्कनी उघडलाय (कॉम्प्युटर अजून त्यांच्याच नावावर). पगार बघणाऱ्या बाईंनी त्यांच्या घरी फोन केला. ते बिचारे शपथेवर सांगत होते की मी भाजी निवडतोय, मी काहीही उघडलेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आले, जुन्या खुर्चीत मला पाहिलं आणि बाईंना म्हणाले, "हा घ्या, मी सापडलो."

मागे साहेब. पडद्यावर माझं नाव.

"जायचंय की नाही?"

"बघतो, साहेब."

"तीन दिवस बघतोयस. चाळीस माणसांच्या रजा अडल्यात." आणि त्यांनीच बटण दाबून तक्ता बंद केला.

बाकी ठीक. तब्येतीला जपा, बाळाला माझा पापा.

तुमचा,
धाकटा

ता. क. तक्त्यात नाव तसंच राहिलं, म्हणजे रजा लागली. पुढच्या महिन्यात बारा दिवस. दादाला विचारा, येऊ का?

ता. क. पुन्हा. विचारू नका. तो गप्प बसला तर मला ते जास्त लागेल. तो जेवायला बसला की नुसतं म्हणा, धाकटा येतोय. आणि त्याचा हात थांबतो का, तेवढं बघून कळवा. नाही थांबला, तरी थांबला असंच लिहा.