गोळी बंद, तरी काळीच

सिस्टर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. गेलेल्या माणसाला बोल लावू नये म्हणतात, पण मी लावणार आहे. परवा मासिक सभेत तुमचा विषय निघाला आणि जुन्या नर्स एकेक करून हळव्या झाल्या. अशी सिस्टर पुन्हा होणे नाही, म्हणे. मी खाली मान घालून चहा प्यायले. खरं तर उठून ओरडावंसं वाटत होतं.

नवी नर्स म्हणून मी पेणला तुमच्या हाताखाली आले, ते गणपतीच्या आधीचे दिवस. कारखान्यांत मूर्ती रंगवणाऱ्या पोटुश्या बाया जेवणाच्या सुट्टीत तपासणीला येतात, कोपरापर्यंत शाडू वाळलेला, प्रत्येकीला परत जायची घाई. लोहाच्या गोळ्या घेतेस ना, मी विचारते. व्हय, व्हय, सगळ्या म्हणतात. मी रजिस्टरात खूण करत जाते. तुम्ही येऊन माझ्या हातातलं पेन काढून घेता. "असं काय विचारतेस? संडासला कशी होते ते विचार. काळी होत असंल तर गोळी घेते, नायतर परसात टाकते. तोंड खोटं बोलंल गो, संडास नाय बोलनार." सगळ्या बाया हसल्या, माझे कान तापले. पण दुसऱ्या दिवसापासून मी तसंच विचारू लागले. पुढे रोह्याकडे बदली झाली तेव्हा गावोगावच्या आशाताईंनाही तेच शिकवलं, अगदी तुमचा आवाज काढून.

गेल्या वर्षी इथल्या जवळच्या वरसे गावची एक बाई माझ्याकडे यायला लागली. माहेर धरमतरच्या बाजूला, मिठागरावर राबणाऱ्या घरातलं. दुसरी खेप, पाचवा महिना, रक्त आठ. मी गोळ्या दुप्पट केल्या. सहाव्यात आली तर रक्त सात, आणि पोट सोडलं तर बाकी अंग उतरलेलं. मी चिडले. गोळ्या खाडीत सोडतेस काय, असं चारचौघींत विचारलं. ती म्हणाली, "ताई, खोटं कशाला बोलू, मळमळतं म्हनून पंधरा दिस गोळी बंद हाय. पन गोळी बंद, तरी काळीच होते." मी म्हटलं, "दोन्ही कसं खरं असंल गो? एक काय ते ठरव आणि मग सांग." बाकावरच्या बाया हसल्या. तीही हसली बिचारी. मी तिच्या कार्डावर 'गोळ्या नियमित घेत नाही' असं लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

दोन्ही खरं होतं, सिस्टर. आतड्यात वरच्या अंगाला रक्त झिरपत असलं तरी संडास काळी होते. हे मला सातव्या महिन्यात रोह्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, माझ्या मुलीच्या वयाच्या. रक्त सहावर आलेलं बघून त्यांनी तिला आधी एवढंच विचारलं की गोळ्या कधीपासून बंद आहेत, आणि संडास तपासायला पाठवली. तिथून तिला मुंबईला नेलं. आतड्यात गाठ, कॅन्सरची. आठवा सरताना पोट फाडून आधी मुलगी काढली, मग काही दिवसांनी आतड्याचा तुकडा. यकृतावर डाग आहेत म्हणतात. ती राहील की जाईल, अजून कुणी सांगत नाही.

तुम्हाला हे ठाऊक होतं का? ठाऊक होतं तर अर्धंच का शिकवलंत? आणि ठाऊक नव्हतं तर एवढ्या ठसक्यात कशाला बोललात? पोटुश्या बाईचं काहीही दुखलं तरी आपण ते पोराच्या नावावर टाकतो. थकवा पोरामुळे, मळमळ पोरामुळे, पोटात कळ आली तर वायू. ही टाकायची सवय मला तुमच्याकडूनच लागली. सहाव्यात पाठवलं असतं तर गाठ पसरायच्या आत सापडली असती का, असं मी त्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. सांगता येत नाही, त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता कागद लिहीत राहिल्या. तेव्हापासून तुमच्यावर धुमसते आहे मी. तुमचा फोटो कार्यालयात लावायचं चाललंय, त्याला मी सही दिलेली नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या मुलीच्या लशीसाठी वरसेला गेले. पोर बरी आहे, वजन धरतेय. आईच्या हाताची नुसती काडी झाली आहे. तिने पोरीला माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "ताई, मी तुमाला सांगितलेलं ना? गोळी बंद, तरी काळीच होते म्हनून?" आवाजात राग नव्हता. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. मी म्हटलं, "आठवत नाय गो. इतक्या बाया येतात." तिने पोरीचं टोपडं नीट केलं. मग म्हणाली, "व्हय. मलाच नीट सांगता आलं नसंल."

मला शब्दन्‌शब्द आठवत होता. इथून वरसेला जायला रिक्षाने दहा मिनिटं लागतात, आणि मी तुम्हाला पत्र लिहीत बसले आहे.